१३ डिसेंबर : 'महाराष्ट्र शासन' लिहिलेली गाडी गेटवर अडवणार कोण?

गोदाकाठ (नांदेड)

आज १३ डिसेंबर. सकाळपासून व्हॉट्सॲपवर तीच ती चित्रं फिरायलीत. तिरंगा, मेणबत्ती, जुनं गोल संसद भवन, खाली 'विनम्र अभिवादन'. कोणाला अभिवादन, ते एकाही चित्रात नाही. म्हणून हा धागा काढला.

२००१ साली संसदेवर हल्ला झाला तो गुरुवार होता, रमजानचा महिना चालू होता. कारगिलच्या शवपेट्यांच्या खरेदीवरून गोंधळ होऊन दोन्ही सभागृहं तहकूब झाली होती. पंतप्रधान वाजपेयी आणि सोनिया गांधी निघून गेले होते, पण गृहमंत्री अडवाणी आणि शंभरावर खासदार आतच होते. त्या वेळी संसदीय कामकाज खातं आपल्या अंबाजोगाईच्या प्रमोद महाजनांकडे होतं. पावणेबाराच्या सुमाराला एक पांढरी अँबेसेडर आवारात शिरली. टपावर लाल दिवा, काचेवर गृह मंत्रालयाचं बनावट स्टिकर, आत पाच जण.

उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचा ताफा ११ नंबरच्या दारापाशी लागलेला होता. राज्यसभेच्या सुरक्षा विभागातले जगदीश प्रसाद यादव यांना या गाडीची चाल खटकली. ते थांबा थांबा म्हणत मागे धावले. चालक गडबडला, गाडी वळवताना ती उपराष्ट्रपतींच्या उभ्या गाडीवर आदळली आणि हल्लेखोरांना ठरवलेल्या जागी पोचायच्या आधीच बाहेर उतरावं लागलं. सीआरपीएफच्या कमलेश कुमारी यांनी ओरडून सगळ्यांना सावध केलं. त्यांच्या हातात वॉकीटॉकी होता, बंदूक नव्हती. यादवांच्याच विभागातले मातबर सिंग नेगी दरवाजा बंद करायला धावले. इमारतीची १२ दारं धडाधड लागली आणि पाचातला एकही जण आत पाऊल ठेवू शकला नाही. अर्ध्या तासाच्या आसपास सगळं संपलं, पाचही जण बाहेरच मेले.

यादव, नेगी आणि कमलेश कुमारी यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. दिल्ली पोलिसांचे नानक चंद, रामपाल, ओम प्रकाश, बिजेंद्र सिंग आणि घनश्याम यांना कीर्ती चक्र. बागेत काम करणारे माळी देशराज हेही गेले. एका वृत्तसंस्थेचा जखमी कॅमेरामन पुढं दवाखान्यात वारला.

माझा मुद्दा सरळ आहे. त्या पाच जणांची सगळी भिस्त एका गोष्टीवर होती, दिवा आणि स्टिकर बघितल्यावर या देशात कोणी गाडी अडवत नाही. बाहेरच्या फाटकावर ती भिस्त खरीही ठरली. आता मला सांगा, आपल्या कुठल्याही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गेटवर उभा असलेला होमगार्ड 'महाराष्ट्र शासन' लिहिलेली स्कॉर्पिओ अडवू शकतो का? हिंमत असेलही त्याच्यात. अडवल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला ड्युटी मिळेल का?

पांढरं_सोनं (परभणी)

नावं लिहिलीत हे फार बरं केलं. आम्ही तेव्हा शेतात कापूस वेचायलो होतो. गावात लाइट नव्हती. एका घरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावला होता, तिथं अख्खी गल्ली गोळा झाली. अधिवेशनामुळं वार्ताहर कॅमेरे घेऊन तिथंच उभे होते, त्यामुळं गोळ्यांचे आवाज थेट घरात. म्हाताऱ्या माणसांना आधी पिक्चरच वाटला.

पुढं काही महिने सीमेवर सैन्य उभं होतं. ऑपरेशन पराक्रम. आमच्या गावची सुट्टीवर आलेली पोरं तारा येऊन परत गेली. ती धास्ती मात्र कुठल्या चित्रात येत नाही.

महसूलवाली

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी लिपिक आहे, जिल्हा सांगत नाही. गेटचं विचारलंत म्हणून रोज दिसतं ते सांगते.

आमच्याकडं मेटल डिटेक्टरची चौकट आहे. लग्नाच्या मांडवाला कमान असावी तशी उभी, नुसती शोभेला. डाव्या बाजूनं दोन माणसं जातील एवढी फट आहे, सगळे तिथूनच जातात. चौकटीतून जातात फक्त खेड्यातून पहिल्यांदा आलेली माणसं, कारण त्यांना वाटतं तोच रस्ता आहे. ती चौकट प्रत्येकाला वाजते. किल्ल्या, मोबाइल, जोडवी, तंबाखूचा डबा, सगळ्याला वाजते. वाजली तरी कोणी मान वर करत नाही. थोडक्यात बंद पडली तरी आम्हाला कळणार नाही.

पिशवी कोणाची तपासतात? धोतरवाल्याची, लुगडंवालीची. परवा एका आजीची पिशवी पार टेबलावर पालथी केली. निघालं काय, तर बँकेचं पासबुक, सातबाराची घडी घडी झालेली प्रत आणि फडक्यात बांधलेली भाकरी. त्याच वेळी मागून काळ्या काचांची गाडी आत गेली. गार्डनं आजीची पिशवी हातात असतानाच तिला सलाम ठोकला. गाडीत कोण होतं ते त्यालाही माहीत नाही, मलाही नाही.

माजी_जवान_लातूर

ताई, तुम्ही लिहिलं ते शंभर टक्के खरं. मी सीआरपीएफमधून निवृत्त झालो. गेट ड्युटी भरपूर केली, म्हणून थोडं.

लोकांना वाटतं गेटवरच्या माणसाचं काम गोळी मारणं आहे. तसं नाही. त्याचं काम आहे वेळ काढणं आणि ओरडणं. मागं हत्यारबंद माणसं असतात, त्यांना सावरायला जो वेळ मिळतो तो गेटवरचा माणूस देतो. कमलेश कुमारींनी नेमकं तेच केलं. आमच्याकडं त्यांचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. शांतताकाळातलं सगळ्यात वरचं पदक आहे ते, आणि घेणारी बाई कॉन्स्टेबल होती.

दुसरं, गाडी कशी ओळखायची. आम्हाला शिकवलेलं असं की कागद शेवटी बघायचा. आधी गाडी बघायची. मागची बाजू दबलेली आहे का, आत माणसं किती, चालक आरशात बघतो की तुमच्याकडं, रोजची गाडी असेल तर रोजच्या वाटेनं निघाली का. त्या अँबेसेडरमध्ये स्फोटकं भरलेली होती. यादवांनी काय टिपलं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. संसदेत रोजच्या रोज गाड्या बघणारा माणूस तो, त्याला चालकाचं बिचकणं कळलं. हे स्टिकर छापणाऱ्याच्या हातात नसतं.

म्हणून सांगतो, तीन महिन्याला बदलणारे कंत्राटी गार्ड हा सगळ्यात मोठा घात आहे. ओळखीचं काय आणि अनोळखी काय हे कळायलाच वर्ष लागतं.

बेधडक

सगळी सुरक्षा बिरक्षा ठीक आहे, पण मूळ रोग सीमेपलीकडं आहे. फाशीला किती वर्षं लावली ते लिहा ना. एकेकाला चौकात

*(प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. धागा सुरक्षेवर आहे, त्यावरच बोलावे. – संपादक मंडळ)*

खंडपीठ_रोड

बेधडक, फाशीचा विषय काढलाच आहे तर तारखा तरी नीट लिहू. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २००५ चा. या हल्ल्याच्या कटात दोषी ठरलेल्या अफझल गुरूला ९ फेब्रुवारी २०१३ ला तिहारमध्ये फाशी झाली. त्याच खटल्यात दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक एस. ए. आर. गिलानी यांना खालच्या कोर्टानं फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयानं ते निर्दोष ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका कायम केली. 'चौकात' ज्याला सगळ्यांचा नंबर लावायचा असतो, त्याच्या यादीत हे नावही आलं असतं. मी वकिली करतो, एवढंच म्हणतो.

सुरक्षेचं बोलायचं तर १३ डिसेंबरच्या अडीच महिने आधी, १ ऑक्टोबर २००१ ला, श्रीनगरला विधानसभेवर हल्ला झाला होता. टाटा सुमो, स्फोटकं, गेटवर स्फोट, मग आत घुसायचा प्रयत्न. ३८ माणसं गेली. पद्धत समोर दिसलेली होती. तरीही दिल्लीत स्टिकर बघून गाडी आत सोडली गेली. धडा माहीत नव्हता असं नाही, तो फाटकापर्यंत पोचला नव्हता. माझ्या मते सुरक्षेतला मोठा दोष हाच. परिपत्रक वरून निघतं, कक्षात फाइल होतं, आणि उन्हात उभा असलेला माणूस ते कधीच वाचत नाही.

कडा_कारखाना

मराठवाड्याला हे सगळं लांबचं वाटतं, पण तसं नाही. ९ मे २००६. एटीएसनं (दहशतवादविरोधी पथकानं) चांदवड-मनमाड रस्त्यावर टाटा सुमो पकडली. ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७, ३,२०० काडतुसं. सोबतची इंडिका निसटली. ती चालवणारा गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी, तोच पुढं अबू जुंदाल. २००८ साली मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहा जणांना कराचीत बसून फोनवर सूचना देणाऱ्यांत तो होता असं तपासात आलं. २०१२ ला सौदीहून आणला, २०१६ ला औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात जन्मठेप.

आपण गेटवर बोलतोय, पण ती सुमो गेटवर नाही पकडली, रस्त्यावर पकडली. खबर होती म्हणून. कलेक्टर ऑफिसच्या गेटपर्यंत ३० किलो आरडीएक्स आलं तर तिथला होमगार्ड काय करणार?

गेवराईकर

खबर कुठून येते, हेही बोला. वस्तीतल्या माणसाचा पोलिसावर भरवसा असेल तर येते. त्या प्रकरणानंतर आमच्या गावच्या पोरांना संभाजीनगरला, पुण्याला खोल्या मिळेनात. आधार कार्डावर गेवराई दिसलं की मालक म्हणायचा, बघून सांगतो. नाव हिंदू असो का मुसलमान. अशा पोरांना उद्या काही वेगळं दिसलं तर ती ठाण्यात जातील का मुकाट बसतील, याचा विचार सुरक्षेत धरतात का कोणी?

माजी_जवान_लातूर

@कडा_कारखाना, होमगार्ड काय करणार म्हणून विचारलंत. खबर चुकली तर मधे फक्त तोच असतो. यादवही तसेच होते. @गेवराईकर, पटलं.

सेवानिवृत्त_उपअभियंता

मी बांधकाम विभागात होतो. या चर्चेत इमारतीचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

गाडीतल्या स्फोटकापासून वाचवणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे अंतर. स्फोटाचा दाब अंतर वाढेल तसा झपाट्यानं उतरतो. १९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सरकारी इमारतीसमोर ट्रक उभा करून उडवला. १६८ माणसं गेली. ट्रक रस्त्याच्या कडेला, अगदी इमारतीला लागून होता. पुढचे खांब गेले आणि वरचे मजले त्यांच्यामागं खाली आले. आसपासच्या इमारतींत कित्येक जण फुटलेल्या काचांनी जखमी झाले. त्यानंतर तिकडं सरकारी इमारती रस्त्यापासून मागं सरकवायला लागले, पुढं खांब रोवायला लागले, काचेवर फिल्म चढवायला लागले.

आता आपल्याकडं बघा. निजामाच्या काळातल्या कचेऱ्या दगडी, भिंत हातभर जाड, खिडक्या लहान, पुढं मोठं आवार. नकळत का होईना, अंतर होतं. ते आवार आपण काय केलं? टपऱ्या, झेरॉक्स, स्टॅम्प व्हेंडर आणि साहेबांच्या गाड्यांची शेड. पोर्च तर असा की गाडी थेट जिन्याच्या पायरीला टेकली पाहिजे, साहेबांच्या बुटाला चिखल लागता कामा नये. नव्या प्रशासकीय इमारतींना दर्शनी बाजू सगळी काचेची. उन्हाळ्यात आत भट्टी होते ते वेगळंच.

नकाशे मंजूर होताना मी एकदा म्हटलं होतं की पोर्च बाजूला घेऊ आणि पार्किंग कुंपणाला लावू. 'मग पावसात काय करायचं?' एवढं एकच उत्तर मिळालं.

उस्मानाबादी_शेळी

अहो काका, आमच्या जिल्ह्यात कोण येणार हो ट्रक घेऊन. आमच्याकडं गेटवर पोलीस कशाला असतात माहितीये ना? रॉकेलची बाटली शोधायला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर, आदल्या आठवड्यात आत्मदहनाच्या इशाऱ्यांचे अर्ज येऊन पडतात. कोणाची मोजणी अडलेली, कोणाचा मावेजा (भरपाई), कोणाच्या वाटेवर अतिक्रमण. झेंडावंदनाला साध्या वेशातले पोलीस घोंगडी घेऊन झाडामागं उभे असतात. डिझेल स्वतःच्या अंगावर ओतणारा माणूस हाच आपला 'धोका'.

मंत्रालयात २०१८ ला जाळी लावली, आठवते का? माणसं वरून उड्या मारायला लागली म्हणून. अर्जाचा निकाल लावण्यापेक्षा जाळी स्वस्त पडली.

महसूलवाली

हसले, पण हसण्यासारखं नाही ते. मावेजाच्या फाइली माझ्याच टेबलावरून जातात. जो माणूस पंधरा खेपा घालून थकलेला असतो, त्यालाच गेटवर सगळ्यात जास्त झडती. आणि खरं सांगू, त्या झडतीत चिडून एखादा ओरडला की सगळे गार्ड तिकडं धावतात. मागचं गेट तेव्हा सताड उघडं. मला कोणी हल्ला करायला सांगितला तर मी आधी पुढं एक भांडण लावून देईन.

खंडपीठ_रोड

@महसूलवाली, हे शेवटचं वाक्य प्रोफाइलवर ठेवू नका, नाहीतर मला वकीलपत्र घ्यावं लागेल :)

@शेळी, 'आपल्याकडं कोण येणार' हे वाक्य मी जपून वापरीन. १३ डिसेंबर २०२३. त्याच तारखेला, नव्या संसदेत, दोन जण प्रेक्षक गॅलरीतून सभागृहात उतरले आणि पिवळ्या धुराच्या नळकांड्या फोडल्या. नळकांड्या बुटात लपवल्या होत्या. आत जायचे पास एका खासदाराच्या कार्यालयातून मिळालेले. त्याच वेळी बाहेर धूर सोडून घोषणा देणाऱ्या दोघांत एक आपल्या लातूर जिल्ह्यातला तरुण होता. खटला चालू आहे म्हणून जास्त लिहीत नाही, आणि त्याची तुलना २००१ शी करू नका, ती होत नाही. पण सुरक्षेच्या बाजूनं बघा. २००१ ला स्टिकर, २०२३ ला पास. दोन्ही वेळा तपासणाऱ्यानं माणसाऐवजी कागदावर विश्वास ठेवला.

माजी_जवान_लातूर

त्या २०२३ च्या प्रकारानंतर संसदेतून आमची सीआरपीएफ काढली. मे २०२४ पासून सीआयएसएफ, ३,३०० च्या आसपास जवान. २००१ च्या हल्ल्यानंतर तिथं आमची खास तुकडी उभी केली होती, पार्लमेंट ड्युटी ग्रुप. पोरं निघताना रडली म्हणतात. बल बदलल्यानं काय साधेल ते काळ सांगेल. नवीन जवानाला तिथली प्रत्येक चाल पुन्हा पहिल्यापासून पाठ करावी लागणार, एवढं नक्की.

धूर सोडणाऱ्या लातूरच्या त्या पोराबद्दल एक. आमच्या भागात पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. वय निघून गेलेली पण पळायचं न सोडलेली. मी त्यांना फुकट शिकवतो. कोण कुठं भरकटेल, कोणी बघायचं?

बेधडक

म्हणजे आता धूर सोडणाऱ्याचंही कौतुक का?

माजी_जवान_लातूर

कौतुक कोणी केलं? नीट वाचा. संसदेत घुसणं गुन्हाच आहे. मी भरतीच्या पोरांविषयी बोललो.

गोदाकाठ (नांदेड)

धागा चांगला चालू आहे, रुळावर ठेवू या. मला दोन गोष्टी पटल्या आणि एक पटली नाही.

पटलं ते म्हणजे माणूस टिकला पाहिजे. २६/११ नंतर राज्यानं २०१० च्या कायद्यानं सुरक्षा महामंडळ काढलं, त्याचे जवान बऱ्याच ठिकाणी दिसतात, बरंही काम करतात. पण तालुक्याच्या कचेरीत अजून एक म्हातारा वॉचमन आणि एक काठी. दुसरं, काकांनी सांगितलेलं अंतर. त्याला निधी लागत नाही, साहेबांची गाडी पन्नास पावलं लांब लावायची तयारी लागते.

पटलं नाही ते शेळीचं. रॉकेलच्या बाटलीला तुम्ही खरा धोका म्हणता आणि बाकीचं दिल्लीवर सोडता. अहो, दोन्हींना एकच गेट आहे. रोज शंभर गरिबांना उलटसुलट तपासून गार्ड कंटाळलेला असतो, त्याला कोणती पिशवी संशयाची हे कळणंच बंद होतं. लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, पण 'पोलीस', 'आमदार', 'अध्यक्ष', 'प्रेस' लिहिलेल्या पाट्या वाढल्या. माझं मागणं एवढंच, गेटवर अडवल्याबद्दल कुठल्याही गार्डवर कारवाई होणार नाही असा लेखी आदेश प्रत्येक कार्यालयप्रमुखानं काढावा आणि तो गेटवर मोठ्या अक्षरात लावावा. सगळ्यात आधी स्वतःची गाडी अडवून घ्यावी.

उस्मानाबादी_शेळी

असा आदेश निघाला तर मी स्वखर्चानं फ्लेक्स छापून देतो. त्यावर कोणाचा फोटो नको, एवढीच अट.

पांढरं_सोनं (परभणी)

फोटोशिवाय फ्लेक्स? मराठवाड्यात?

महसूलवाली

आदेश निघेल तेव्हा निघेल. मला वेगळंच विचारायचंय, काका असतील तर सांगा. आमच्या रेकॉर्ड रूमला दुसरं दार आहे, आग लागली किंवा काही झालं तर बाहेर पडायला. २०२३ ला कुणबी नोंदी शोधताना निजामकाळचे खासरे (जमिनीची जुनी कागदपत्रं) बाहेर काढले, तेव्हा रिकामी झालेली लोखंडी कपाटं त्या दारापुढं लावली ती तिथंच आहेत. आत आम्ही सात-आठ जणी बसतो. मॉक ड्रिल झाली तेव्हा सगळे पुढच्या दारानं हसत बाहेर आलो आणि फोटो निघाला. कपाटं हलवा म्हटलं तर उत्तर येतं, डेडस्टॉक रजिस्टरला आहेत, निर्लेखन झाल्याशिवाय हात लावता येत नाही.

सेवानिवृत्त_उपअभियंता

कोण म्हणतं? निर्लेखन लागतं ते वस्तू मोडीत काढायला. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला सरकवायला नाही. रजिस्टरात जागा बदलल्याची नोंद घ्या, सामान सांभाळणाऱ्या नाझरची सही घ्या, झालं. दाराला बाहेरून कुलूप असेल तर ते आधी काढा, कडी आतून ठेवा. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का तेही बघा, आत उघडणारं असेल तर गर्दी रेटली की ते उघडतच नाही. दोन कोतवाल आणि एक रविवार एवढं पुरे.

महसूलवाली

बाहेरून कुलूप आहे. किल्ली कोणाकडं आहे ते उद्या विचारते.